दुपारी ऑक्सिजन प्लांटची प्युरिटी ९३ टक्क्यांवरून घसरते? झिओलाइट बदलण्याआधी एवढं तपासा

एप्रिल उजाडला की माझा फोन दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान जास्त वाजतो. पलीकडून ठरलेलं वाक्य येतं: "सायेब, प्युरिटी उतरायली." छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, बीड, लातूर, नांदेड या पट्ट्यातल्या रुग्णालयांचे पीएसए (प्रेशर स्विंग ॲड्सॉर्प्शन, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढणारे) ऑक्सिजन प्लांट दुरुस्त करणं हेच माझं काम. त्याआधी वाळूजच्या एमआयडीसीत नायट्रोजनचे प्लांट सांभाळायचो. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर देशभर, आणि आपल्याकडे अगदी उपजिल्हा रुग्णालयांपर्यंत, हे प्लांट बसले. ते चालवायची जबाबदारी मात्र बहुतेक ठिकाणी वॉर्डबॉय, इलेक्ट्रिशियन नाहीतर लिफ्टमन मामांवर आली. ही पोस्ट त्यांच्यासाठी आहे.

एकच गोष्ट मनावर ठसावी म्हणून लिहितोय. प्युरिटी घसरली की पहिला संशय झिओलाइटवर (टॉवरमध्ये भरलेले, नायट्रोजन धरणारे दाणे) घेतला जातो, लाखांचं कोटेशन मागवलं जातं, आणि मी जाऊन बघतो तर बहुतेक वेळा गुन्हेगार पाणी, उष्णता किंवा एखादा तुंबलेला ड्रेन (साठलेलं पाणी काढायची तोटी) असतो.

घसरण कोणत्या तऱ्हेची आहे?

रोजच्या रजिस्टरमध्ये वेळ आणि आकडा लिहिलेला असेल तर निम्मं निदान तिथेच होतं.

सकाळी आठला ९४, दुपारी तीनला ८९, रात्री दहाला पुन्हा ९३, आणि रोज हाच खेळ चालला असेल तर उष्णता आणि ड्रायर (हवा कोरडी करणारं यंत्र) बघायचा. दर आठवड्याला अर्धा-एक टक्का खाली जाऊन रात्रीही वर येत नसेल तर टॉवरमध्ये ओलावा किंवा तेल जातंय. काल ९४ आणि आज एकदम ८२ असेल तर व्हॉल्व्ह, सोलेनॉइड (व्हॉल्व्ह उघडणारी विजेची कॉइल), चुकून उघडी राहिलेली बायपास किंवा खुद्द ॲनालायझर (प्युरिटी मोजणारं यंत्र) बघायचा. झिओलाइट सहसा एका रात्रीत मरत नाही.

सोबतच्या खुणाही बघा. कॉम्प्रेसर अनलोड होतच नाही, सतत लोडवर पळतोय. टॉवर बदलताना येणारा "फुस्स" आवाज नेहमीपेक्षा लांबतोय किंवा दबका येतोय. ऑक्सिजन टँकचा दाब चढत नाही. सायलेन्सरच्या (नायट्रोजन बाहेर सोडणाऱ्या भागाच्या) तोंडाशी किंवा प्रॉडक्ट फिल्टरमध्ये (तयार ऑक्सिजनच्या फिल्टरमध्ये) पांढरी भुकटी दिसतेय. ही शेवटची खूण दिसली तर मधल्या तपासण्यांत वेळ न घालवता सरळ शेवटच्या भागाकडे जा.

प्लांटला हात लावण्याआधी

पीएसएच्या ऑक्सिजनसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा निकष ९३ टक्के, तीन अधिक-उणे, म्हणजे ९० ते ९६ असा आहे. आकडा ९० च्या खाली जातोय असं दिसलं की आधी पुरवठा सिलिंडर मॅनिफोल्डवर (एकत्र जोडलेल्या सिलिंडरांच्या संचावर) किंवा द्रव ऑक्सिजनच्या टाकीवर घ्या, आयसीयूच्या सिस्टरना आणि ड्युटी डॉक्टरांना सांगा, मगच पाना हातात घ्या. भरलेली सिलिंडर आधी मोजा. एका जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७ घनमीटर वायू असतो. मिनिटाला १००० लिटरची पूर्ण ओढ असेल तर तो सात मिनिटांत संपतो. अर्धा तास लागेल म्हणून सुरू केलेली दुरुस्ती तीन तास चालते, हे मी अनेकदा अनुभवलंय.

दुसरं तेवढंच महत्त्वाचं: ऑक्सिजनच्या बाजूला तेल, ग्रीस, तेलकट फडकं, साधा थ्रेड सीलंट काहीही नेऊ नका. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल सहज पेट घेतं. कॉम्प्रेसरचं काम करून आलेले हात साबणाने धुवूनच टॉवरनंतरच्या पाइपाला लावा.

आत काय चालतं, थोडक्यात

हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्क्यांना जरा कमी ऑक्सिजन आणि ०.९३ टक्के आर्गॉन असतो. कॉम्प्रेसर ही हवा दाबतो, ड्रायर आणि फिल्टर ती कोरडी-स्वच्छ करतात, आणि मग ती झिओलाइटच्या दाण्यांनी भरलेल्या दोनपैकी एका टॉवरमध्ये जाते. दाबाखाली झिओलाइट नायट्रोजनला धरून ठेवतं आणि ऑक्सिजन पुढे जातो. काही सेकंदांनी टॉवर बदलतो. पहिल्याचा दाब सोडला की धरलेला नायट्रोजन सायलेन्सरमधून बाहेर पडतो. दाब चढवून धरायचं आणि उतरवून सोडायचं, ही युक्ती चार्ल्स स्कारस्ट्रॉमच्या १९६० च्या पेटंटमधली आहे. आज नळ्या-व्हॉल्व्ह सुधारले, लिथियमचं झिओलाइट आलं, पण मूळ चाल तीच आहे. आर्गॉन मात्र ऑक्सिजनबरोबरच निसटतो, म्हणून पीएसए ९५-९६ च्या वर जात नाही. "आमचा ९९ का दाखवत नाही" असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर. ९९.५ हवा असेल तर हवा उणे १८०-१९० अंशांपर्यंत थंड करून, द्रव करून वेगळी करावी लागते. ते मोठ्या कारखान्यांचं काम आहे.

झिओलाइट नायट्रोजनला धरतं, पण पाण्याला त्याहून कितीतरी घट्ट धरतं, आणि दाब सोडल्यावरही पाणी सहजी सोडत नाही. पाण्याने व्यापलेली जागा नायट्रोजनसाठी संपली. लिथियमचं झिओलाइट नायट्रोजन जास्त धरतं, पण ओलाव्याबाबत तेवढंच नाजूक असतं. पुढच्या सगळ्या तपासण्यांचं मूळ इथे आहे.

ॲनालायझर खरं बोलतोय का?

याला पैसा लागत नाही, पाच मिनिटं लागतात. सॅम्पलची नळी काढा आणि ॲनालायझरला शेडच्या बाहेरची मोकळी हवा द्या. मे महिन्याच्या कोरड्या हवेत २०.६ ते २०.८ च्या आसपास दिसायला हवं, भर पावसाळ्यात हवेतल्या वाफेमुळे २०.३ दिसलं तरी ठीक. १९ किंवा २२ दाखवत असेल तर प्लांटला दोष देऊ नका, आधी कॅलिब्रेशन करा. मग मेडिकल ऑक्सिजनच्या सिलिंडरची हवा देऊन वरचं टोक तपासा. रसायनावर चालणारा सेन्सर साधारण एक ते तीन वर्षांत थकतो आणि थकताना बहुधा खालचे आकडे दाखवतो. सॅम्पल नळीचा जोड सैल असेल तर बाहेरची हवा मिसळूनही आकडा पडतो. तो बोटाने दाबून बघा.

यात आपल्या भागाची म्हणून एक खास गोम आहे. एका रुग्णालयात नवा सेन्सर बसवल्या दिवसापासून ८८ दाखवत होता. वॉर्डात तक्रार नव्हती, टॉवरचे काटे ठीक होते, तरी तीन महिने सगळे झिओलाइटच्या मागे लागलेले. विचारल्यावर कळलं की ॲनालायझर मुंबईत कॅलिब्रेट करून आणलाय, आणि इथे पुन्हा केलेला नाही. असे सेन्सर टक्केवारी मोजत नाहीत, ऑक्सिजनचा आंशिक दाब मोजतात. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच आहे, इथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सहा-साडेसहा टक्के कमी असतो. मुंबईत ९४ दाखवणारा सेन्सर दाबानुसार आकडा जुळवून घेतलेला नसेल तर इथे ८८ च दाखवणार. मोकळ्या हवेवर २०.९ लावून घेतल्याबरोबर आकडा ९४ वर आला. म्हणून कॅलिब्रेशन जिथे प्लांट आहे तिथेच करा.

ओढ वाढलीय की गळती आहे?

पीएसएचा प्रवाह आणि प्युरिटी यांचं नातं सरळ आहे. क्षमतेपेक्षा जास्त ओढलं की नायट्रोजन टॉवर पार करून पुढे निसटतो. प्लांटवर लिहिलेला आकडा आपल्या मे महिन्याचा नसतो, हेही लक्षात घ्या. इथली हवा उंचीमुळे आधीच विरळ, त्यात ४२ अंशांना २० अंशांच्या तुलनेत सात टक्के आणखी विरळ. कॉम्प्रेसर फेऱ्या तेवढ्याच मारतो, पण त्याच्या पोटात जाणारी हवा दहा-बारा टक्के कमी भरते. म्हणजे मिनिटाला १००० लिटरच्या प्लांटकडून मे महिन्यात ९०० लिटरची अपेक्षा धरलेली बरी.

प्रॉडक्टचा व्हॉल्व्ह थोडा आवळून फ्लोमीटरवर प्रवाह पाऊण पटीवर आणा आणि अर्धा तास थांबा. प्युरिटी वर आली तर ओढ जास्त आहे किंवा हवा कमी पडतेय. अजिबात हलली नाही तर दोष आत कुठेतरी आहे. पुरवठा सिलिंडरवर असतानाच हे करा.

गळतीसाठी रात्री बारानंतरची वेळ चांगली. वॉर्डांचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करण्याआधी सिस्टरांना विचारा, प्रत्येक वॉर्डात फेरी मारा. रिकाम्या बेडवर उघडे राहिलेले फ्लोमीटर मला दर वेळी सापडतात, एकदा एकाच वॉर्डात चार सापडले. मग जोडांवर साबणाचं पाणी लावा. सौम्य साबण आणि स्वच्छ पाणी, बाकी काही नको.

ड्रेन

हाताने उघडायचा ड्रेन व्हॉल्व्ह प्रत्येक ठिकाणी असतो: एअर रिसीव्हरखाली (दाबलेल्या हवेची टाकी), ड्रायरखाली, प्रत्येक फिल्टरखाली. एकेक हळूच उघडा आणि काय येतं ते रजिस्टरमध्ये लिहा. ड्रायरच्या आधी पाणी येणं ठीक आहे. ड्रायरनंतरच्या फिल्टरमधून पाणी आलं तर तिथेच थांबा. प्लांट बंद करा, कारण ते पाणी पुढच्या मिनिटाला टॉवरमध्ये असेल.

ऑटो ड्रेन गंज आणि तेलाच्या चिखलाने तुंबतो. टेस्ट बटण दाबल्यावर पाणी किंवा हवा सुटली पाहिजे. सुटली नाही तर वेगळा करून जाळी धुवा. सगळ्यात स्वस्त भाग हाच आणि सगळ्यात जास्त नुकसान करणाराही हाच. नवा येईपर्यंत दर तासाला हाताने ड्रेन करायची ड्युटी लावा.

शेड आणि कॉम्प्रेसर

आपल्याकडे घाईत बांधलेल्या पत्र्याच्या शेडा आहेत. दुपारी आतलं तापमान बाहेरपेक्षा सहज पाच-सात अंश जास्त असतं, आणि कॉम्प्रेसरच्या कूलरची गरम हवा तिथेच फिरून पुन्हा कॉम्प्रेसरच ओढतो. गरम हवेचं डक्ट छतापर्यंत आणि तिथून बाहेर गेलंय का बघा. अर्धवट सोडलेलं डक्ट म्हणजे भट्टीच. हवा आत घेण्याची बाजू सावलीत आणि उत्तरेकडे असली तर फरक पडतो. एका ठिकाणी फक्त डक्ट वाढवून आणि पत्र्यावर पांढरा रंग मारून दुपारची घसरण निम्मी झाली. पार्ट एकही बदलला नाही.

परभणी-जालन्याकडे जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू इनटेक फिल्टरवर आणि कूलरच्या पात्यांवर गोधडीसारखे बसतात. जालन्यात स्टीलच्या कारखान्यांची धूळ वेगळीच. फिल्टर आतून बाहेर कोरड्या हवेने झटका, पाण्याने धुऊ नका. कूलर आठवड्याला साफ करा. डिलिव्हरीचं तापमान साधारण ७५ ते ९५ अंशांत राहिलं पाहिजे. १०५-११० च्या आसपास बहुतेक स्क्रू कॉम्प्रेसर स्वतःच ट्रिप होतात. ट्रिपची मर्यादा वाढवून चालवू नका, जाणारं तेल टॉवरमध्येच जाणार आहे.

ड्रायर: खरी गोष्ट इथे आहे

मागच्या मे महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात गेलो. प्लांट सांभाळणारे मामा साठीकडे झुकलेले, काम चोख, रजिस्टर तर आरशासारखं. त्यांनी रिसीव्हरचा ड्रेन माझ्यासमोर उघडून दाखवला. थेंबही आला नाही. म्हणाले, "उन्हाळ्यात पाणी कुठून यायलंय सायेब? हवाच कोरडी हाय. पावसाळ्यात बघा, बादली भरती." बोलणं खरं होतं, आणि तिथेच सगळी फसगत होती.

मी त्यांना वहीत हिशोब मांडून दाखवला, तोच इथे देतो. १००० लिटरच्या प्लांटला तासाला साधारण ७०० घनमीटर हवा लागते. पावसाळ्यात २८ अंश आणि ८५ टक्के दमटपणा धरला तर या हवेत सुमारे १६ लिटर पाणी असतं, दर तासाला. मे महिन्यात ४२ अंश आणि २० टक्के दमटपणाला सुमारे ८ लिटर. मामांचं म्हणणं इथपर्यंत बरोबर, पाणी निम्मंच आहे.

आता पुढे बघा. कॉम्प्रेसर हवा दाबून आठव्या हिश्शापेक्षाही कमी जागेत, सुमारे ८२ घनमीटरमध्ये बसवतो, आणि आफ्टरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) ती बाहेरच्या तापमानापेक्षा दहाएक अंश वर आणून सोडतो. पावसाळ्यात म्हणजे ३८ अंशांवर. त्या तापमानाला घनमीटरमागे ४६ ग्रॅमच वाफ मावते, म्हणून तासाला १२ लिटर पाणी रिसीव्हरमध्येच गळून पडतं आणि ड्रायरकडे चारेक लिटरच जातं. मे महिन्यात आफ्टरकूलर ५२ अंशांवर हवा सोडतो. तिथे घनमीटरमागे ९० ग्रॅम वाफ सहज मावते. म्हणून रिसीव्हरमध्ये जवळजवळ काहीच गळत नाही, आणि पूर्ण साडेसात-आठ लिटर वाफेच्या रूपात ड्रायरच्या अंगावर येतं. कोरड्या मे महिन्यात ड्रायरवर पावसाळ्याच्या दुप्पट ओझं असतं, आणि रिसीव्हरचा ड्रेन मात्र कोरडा राहून सगळं ठीक असल्याचं सांगत असतो.

त्यात रेफ्रिजरेटेड ड्रायरची क्षमता कंपनी बहुधा ३५ अंशांच्या हवेसाठी लिहिते. ५० अंशांची हवा आत आली की ती सुमारे निम्म्यावर येते. ओझं दुप्पट, ताकद निम्मी.

ड्रायर नीट असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला वाफेचं पाणी होतं) ३ अंशांवर राहतो आणि तासाला साधारण अर्धा लिटर वाफ पुढे निघते. ती टॉवरच्या तळाचा ॲल्युमिना (ओल शोषणारे दाणे) झेलून पुन्हा बाहेर टाकू शकतो. दवबिंदू २५ अंशांवर गेला तर तासाला दोन लिटर. हे ॲल्युमिनाला झेपत नाही, आणि पाणी वर झिओलाइटपर्यंत चढतं. दुपारी आकडा पडतो, रात्री सावरतो, पण दर वेळी थोडं पाणी आतच राहतं. म्हणून पहिली तऱ्हा दुर्लक्षित राहिली की महिन्या-दोन महिन्यांत दुसरीत बदलते.

काय बघायचं? दवबिंदूचा आकडा दुपारी तीनला बघा, सकाळी दहाला नाही. दाखवत नसेल तर सिलिका जेलच्या काचेचा रंग बघा, निळा गुलाबी झाला असेल तर ओल आहे. ड्रायरच्या आत जाणाऱ्या पाइपाला तापमापक लावा आणि ४५ च्या वर आकडा येतोय का नोंदवा. कंडेन्सरच्या पात्या टॉर्च लावून बघा, मागून उजेड दिसला पाहिजे. पंखा फिरतोय का, योग्य दिशेने फिरतोय का. दुरुस्तीनंतर फेज उलटे जोडलेले मी पाहिलेत. आणि ड्रायरची बायपास व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहे का. मागे कुणी सर्व्हिसिंगसाठी उघडली आणि तशीच राहिली, असं दोनदा सापडलंय.

मामांच्या प्लांटवर कंडेन्सर मातीने लिंपल्यासारखा झाला होता. पाण्याने नाही, मऊ ब्रश आणि हवेने साफ केला, कॉम्प्रेसरचं डक्ट बाहेर काढलं, ड्रायरसमोर पाइपाला सावली केली. त्याच दिवशी दवबिंदू १९ वरून ६ वर आला. प्युरिटीला मात्र नऊ दिवस लागले, हळूहळू पाणी बाहेर पडत गेलं, तेव्हा कुठे दुपारी ९३ टिकायला लागली. या नऊ दिवसांत धीर सोडून झिओलाइट बदलायची ऑर्डर दिली असती तर पैसे वाया गेले असते. ड्रायरचा गॅस कमी असेल तर मात्र तो एसी-फ्रिजच्या माणसाकडूनच भरून घ्या.

तेल

०.०१ मायक्रॉनच्या फिल्टरनंतरच्या ड्रेनसमोर पांढरा स्वच्छ कापूस धरून हवा अर्धा मिनिट सोडा. पिवळट डाग किंवा तेलाचा वास आला तर कॉम्प्रेसरचा ऑइल सेपरेटर गेलाय, नाहीतर फिल्टर बदलायची मुदत उलटलीय. फिल्टरवरचा फरकदाबाचा काटा लाल पट्ट्यात असेल तर मुदतीची वाट बघू नका. ओलावा निदान थोडा तरी बाहेर पडतो, तेल पडत नाही. ते झिओलाइटच्या दाण्यावर बसतं आणि तिथेच राहतं.

दोन टॉवरचे दोन काटे

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर मोबाइल काढा. दोन्ही टॉवरचे प्रेशर गेज एकाच चौकटीत येतील असं उभं राहून तीन पूर्ण फेऱ्यांचा व्हिडिओ करा, आवाजासकट. या एका व्हिडिओने जेवढं कळतं तेवढं तासभर फोनवर बोलून कळत नाही.

एका टॉवरचा काटा भरताना चार-पाच बारच्या वर चढला पाहिजे, त्याच वेळी दुसऱ्याचा शून्याजवळ टेकला पाहिजे, मधे क्षणभर दोघं बरोबरीला आले पाहिजेत. दोन्ही बाजू आरशातल्या प्रतिमेसारख्या चालतात. रिकामा होणारा टॉवर शून्यावर न येता अर्ध्या-पाऊण बारवर अडकत असेल तर सायलेन्सर तुंबलाय किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अर्धवट उघडतोय. मग नायट्रोजन पूर्ण सुटत नाही आणि पुढच्या फेरीत तेवढी जागा कमी पडते. एकच बाजू चढायला उशीर लावत असेल तर त्या बाजूचा व्हॉल्व्ह गळतोय, किंवा सोलेनॉइडच्या कॉइलला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही. संध्याकाळी सगळीकडे मोटारी आणि कुलर चालू झाल्यावरच बिघाड होत असेल तर मल्टिमीटर लावून पॅनेलचा व्होल्टेज त्या वेळी मोजा. व्हॉल्व्ह उघडण्यासाठी लागणाऱ्या कंट्रोल एअरचा रेग्युलेटरही बघा, नळी तिथेच जास्त निसटते.

सायलेन्सर प्लांट पूर्ण बंद करून, दोन्ही टॉवर शून्यावर आणून, वीज तोडूनच काढायचा. झटकल्यावर थोडी धूळ ठीक. पिठासारखी पांढरी भुकटी पडली तर दाणे झिजतायत.

पीएलसीच्या (टॉवर बदलणाऱ्या कंट्रोलरच्या) वेळा बदलू नका. पासवर्ड माहीत असला तरी नाही. दोन सेकंद वाढवून तात्पुरता आकडा सुधारतो, पण खरा दोष झाकला जातो आणि नंतर येणाऱ्या माणसाला मूळ सेटिंग सापडत नाही.

इथे थांबा, माणूस बोलवा

पांढरी भुकटी, ड्रायरनंतरच्या फिल्टरमध्ये पाणी किंवा तेल, टॉवरमधून खडखड किंवा दाणे हलल्याचा आवाज, टॉवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडणं, किंवा वरच्या सगळ्या तपासण्या नीट होऊनही दहा-बारा दिवसांत प्युरिटी न सुधारणं. यांपैकी काहीही असेल तर पुढे हात लावू नका.

टॉवर हे दाबाचं भांडं आहे. फ्लँज उघडणं, झिओलाइट काढणं-भरणं हे प्रशिक्षित लोकांचंच काम. उघडं झिओलाइट पावसाळी हवेत काही तासांत ओलावा ओढून निकामी व्हायला लागतं. ते थराथराने, कंपन देऊन गच्च भरावं लागतं. सैल भरलं तर दाणे एकमेकांवर घासून पीठ होतात आणि वर्षभरात पुन्हा तिथेच येऊन ठेपाल. "ओलं झिओलाइट उन्हात वाळवून परत भरतो" असं म्हणणारी माणसं भेटतील. ते होत नाही. त्यातलं पाणी काढायला ३०० अंशांच्या आसपास उष्णता लागते.

आणखी एक, जिवाशी संबंधित. सायलेन्सरमधून सुटणारा वायू बहुतांश नायट्रोजन असतो. त्याला ना वास, ना रंग. तो शेडमध्येच सुटत असेल आणि दारं-खिडक्या बंद असतील तर आतल्या माणसाला काही कळायच्या आत शुद्ध हरपते. एक्झॉस्ट पाइपाने बाहेर नेलेला असलाच पाहिजे. नसेल तर ते काम प्युरिटीच्याही आधी करून घ्या, आणि तोवर बंद शेडमध्ये कुणालाही एकटं बसू देऊ नका.

बरेच प्लांट महिनोनमहिने बंद असतात, कारण वॉर्डात गरजच नसते. बंद टॉवरमध्ये सायलेन्सरच्या वाटेने ओली हवा हळूहळू शिरते. आठवड्यातून एकदा तरी तासभर चालवा. सुरुवातीचा ऑक्सिजन वॉर्डात न देता बाहेर सोडा, आणि प्युरिटी ९३ वर टिकल्यावरच लाइन जोडा. वर्षभर बंद राहिलेला प्लांट एकदम रुग्णांवर लावू नका, आधी दोन-तीन दिवस बाहेर सोडून चालवा.

फोन कराल तेव्हा ही माहिती हाताशी ठेवा: सकाळी आठ आणि दुपारी तीनची प्युरिटी, दोन्ही वेळचा दवबिंदू, कॉम्प्रेसरचं तापमान आणि तास, फिल्टर शेवटचे कधी बदलले, कुठल्या ड्रेनमधून काय आलं, आणि दोन काट्यांचा तो व्हिडिओ. एवढं असेल तर अर्ध्या वेळा मला गाडीच काढावी लागत नाही. फोनवरूनच सांगता येतं, आणि संध्याकाळच्या आत प्लांट पुन्हा लाइनवर येतो.